शिष्याचे बोट धरून : इलेक्ट्रॉनिक संगीताच्या अध्यापनाची कथा

अहमदाबादच्या पालडी भागात, साबरमतीच्या काठाला लागून, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईन ही संस्था आहे. गुजरात शासनाच्या सेवेत माझी काही वर्षे गांधीनगरला गेली. त्या काळात वडोदऱ्याहून जाता-येता या संस्थेच्या आवारावरून मी किती वेळा गेलो असेन याची गणती नाही. आत खुर्च्यांचे आकार, कापडाचे नमुने, अक्षरांची वळणे यांचा अभ्यास होतो, एवढीच माझी माहिती होती. त्याच आवारात १९६९ साली मूग कंपनीचा सिंथेसायझर बसविण्यात आला आणि भारतातील पहिला मानला जाणारा इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ तेथे सुमारे तीन वर्षे चालला, हे मला कळले ते निवृत्तीनंतर. २०२३ साली तेथील जुन्या ध्वनिफितींतील निवडक रचना इंग्लंडमधून ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाल्या आणि माझ्या भाचीने मला त्या ऐकविल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश संगीतकाराला त्या फिती संस्थेच्या दप्तरात सापडल्या होत्या. मधल्या चाळीसहून अधिक वर्षांत त्या बहुधा कोणी लावूनही पाहिल्या नसाव्यात.

या स्टुडिओचे मूळ एका मैत्रीत आहे. साराभाई कुटुंबातील गीताबेन १९४६ साली न्यूयॉर्कला गेल्या. पाश्चात्त्य संगीताचा लोंढा आपल्या संगीतावर येऊन आदळतो आहे, तेव्हा ते संगीत आधी समजून घ्यावे, हा त्यांचा हेतू. तेथे त्यांची गाठ जॉन केज या संगीतकाराशी पडली. शुल्क किती, असे विचारता केज यांनी सांगितले की तुम्ही मला भारतीय संगीत शिकवा, मी तुम्हाला माझे शिकवितो, पैशाचा प्रश्नच नको. काही महिने हा व्यवहार चालला. दोघेही गुरू आणि दोघेही शिष्य! या ओळखीच्या धाग्यानेच पुढे केज यांचे निकटचे सहकारी, पियानोवादक डेव्हिड ट्यूडर १९६९ मध्ये अहमदाबादला आले आणि त्यांनी तो स्टुडिओ उभा करून दिला. गीताबेन, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा या मंडळींनी तेथे रचना केल्या.

एवढा चांगला आरंभ होऊनही ही विद्या आपल्याकडे का रुजली नाही, हा प्रश्न मला त्या रचना ऐकल्यापासून छळत होता. पैसा नव्हता, यंत्रे परदेशी होती, ही उत्तरे खोटी नाहीत. पण पुरेशीही नाहीत. म्हणून जेथे ही विद्या रुजली त्या अमेरिकन विद्यापीठांचा इतिहास मी मिळेल तसा वाचीत गेलो. वाचताना एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. इलेक्ट्रॉनिक संगीत शिकविणाऱ्या पहिल्या पिढीला ते स्वतःला येत नव्हते. ते त्यांना शिकविले त्यांच्या विद्यार्थ्यांनी.

१९५१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या संगीत विभागाने अँपेक्स कंपनीचे एक टेपरेकॉर्डर यंत्र खरेदी केले. उद्देश साधा होता : विभागाच्या मैफिलींचे ध्वनिमुद्रण करावे. यंत्राची जबाबदारी आली व्लादिमिर उसाचेव्हस्की या तरुण अध्यापकाकडे. हा मांचुरियात जन्मलेला रशियन, पियानोवर वाढलेला. विजेच्या मंडलांचे ज्ञान बेताचेच. विद्यापीठात विद्यार्थ्यांचे एक नभोवाणी केंद्र होते आणि तेथे पीटर मॉझी नावाचा अभियांत्रिकीचा तरुण खटपट करीत असे. त्याने उसाचेव्हस्कींना असे एक उपकरण करून दिले की फितीवरचा ध्वनी पुनःपुन्हा स्वतःवरच परतून यावा आणि त्याचा घुमणारा प्रतिध्वनी तयार व्हावा. पियानोचा एक खर्ज स्वर त्यातून असा काही बाहेर पडे की तो पियानो आहे हे सांगावे लागे. त्या प्रयोगांचे प्रात्यक्षिक मे १९५२ मध्ये विद्यापीठातच झाले, आणि त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये उसाचेव्हस्की व ऑटो ल्युनिंग यांचा जाहीर कार्यक्रम झाला. अमेरिकेतील या प्रकारच्या संगीताचा तो पहिला मोठा प्रसंग मानतात. कार्यक्रमपत्रिकेवर नाव प्राध्यापकांचे. प्रतिध्वनी मात्र मॉझीचा होता.

मॉझी पुढे तेथेच अभियांत्रिकी शिकवू लागला आणि त्याच्या प्रयोगशाळेत शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांत रॉबर्ट मूग होता. या मूगने १९६४ मध्ये हर्बर्ट डॉइच या संगीतशिक्षकाच्या साहाय्याने आपला पहिला सिंथेसायझर सिद्ध केला. डॉइच म्हणायचा, मला असा असा ध्वनी हवा. मूग तारा जोडून पाहायचा. पुढच्याच वर्षी उसाचेव्हस्कींनी मूगकडे एक मागणी धाडली : स्वर उमटणे, किंचित ओसरणे, टिकणे आणि विरणे, या चारही अवस्थांवर वादकाला स्वतंत्र ताबा हवा. आज कोणत्याही सिंथेसायझरवर ही चार बटणे दिसतात. आपल्याकडील तंतुवादक याच गोष्टींचा विचार आघात, आस, मींड अशा शब्दांनी करीत आले आहेत, म्हणून मला त्यात काही परके वाटले नाही.

१९५९ साली रॉकफेलर प्रतिष्ठानाने पावणेदोन लाख डॉलरचे अनुदान दिले आणि कोलंबिया-प्रिन्स्टन इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्र रीतसर उभे राहिले. इजिप्तचा हलीम एल-दाभ, तुर्कस्तानचा ब्युलेंट अरेल, अर्जेंटिनाचा मारिओ दाविदोव्हस्की अशी देशोदेशींची माणसे तेथे आली. पण शिकण्याची रीत मात्र एकांतवासाची होती. फीत सेकंदाला १५ इंच या वेगाने धावे. अर्ध्या सेकंदाचा स्वर हवा तर साडेसात इंच फीत मोजायची, पात्याने तिरकी कापायची, चिकटपट्टीने दुसऱ्या तुकड्याला जोडायची. तीन मिनिटांच्या रचनेसाठी असे शेकडो सांधे. यंत्रे थोडी, विद्यार्थी अनेक. म्हणून प्रत्येकाला वेळ वाटून दिलेला, आणि नवख्याच्या वाट्याला बहुधा रात्र. एका खोलीत एक मुलगा, एक पाते आणि भिंतीवर घड्याळ. वेंडी कार्लोससारखी प्रतिभावंत विद्यार्थिनी त्या रात्रींतूनच घडली हे खरे. पण संगीत म्हणजे चार माणसांनी एकत्र बसून करण्याची गोष्ट, ही जाणीव त्या खोलीत हरवली होती.

इलिनॉय विद्यापीठात तर संगीत विभागाबाहेरूनच आरंभ झाला. लेजारेन हिलर हा रसायनशास्त्राचा अध्यापक आणि लेनर्ड आयझॅकसन हा त्याचा तरुण सहकारी, यांनी इलियाक या संगणकाकडून चार तंतुवाद्यांसाठी स्वरलेखन करवून घेतले आणि १९५७ पर्यंत ती रचना पूर्ण केली. पुढच्या वर्षी तेथे प्रयोगशील संगीताचा स्टुडिओ निघाला. हे ओझरते सांगून मी ज्या प्रसंगाशी मला अधिक थांबावयाचे आहे त्याकडे वळतो.

तो प्रसंग कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा. जॉन चाउनिंग हा तेथे संगीतात डॉक्टरेटसाठी आलेला विद्यार्थी, त्याआधी पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे तीन वर्षे शिकलेला, हाताने तालवाद्ये वाजविणारा. त्याच्या हाती बेल प्रयोगशाळेतील मॅक्स मॅथ्यूज यांचा १९६३ मधला एक लेख पडला. संगणक हे वाद्य होऊ शकेल, कोणताही ध्वनी त्यातून काढता येईल, असे त्यात म्हटले होते. चाउनिंगने तोवर संगणक पाहिलेलाही नव्हता. १९६४ साली तो थेट न्यू जर्सीला जाऊन मॅथ्यूजना भेटला आणि भोके पाडलेल्या कार्डांची एक पेटी घेऊन परतला. त्या पेटीत ध्वनिनिर्मितीचा सारा कार्यक्रम होता. पण तो चालवायचा कसा?

विद्यापीठाच्या वाद्यवृंदात ट्यूबा वाजविणारा डेव्हिड पूल नावाचा पदवीपूर्व वर्गातला मुलगा होता. संगणकाचे त्याला वेड. त्या पोराने डॉक्टरेटच्या या विद्यार्थ्याला हाताशी धरून कार्डांचा तो गठ्ठा स्टॅनफर्डच्या यंत्रावर चालता करून दिला आणि त्याचे अंतरंगही समजावून सांगितले. चाउनिंग यांनी पुढे आयुष्यभर या मुलाचे ऋण मोकळेपणाने सांगितले आहे. वृंदात मागल्या रांगेत बसणाऱ्या दोघांनी मिळून हे केले, हेही मला लक्षणीय वाटते. पंक्ती एकच असल्यामुळे लहान-मोठेपणाचा अडसर आला नाही.

१९६७ साली चाउनिंग कंपनाचा प्रयोग करीत होते. गवई स्वर लावताना त्याला जो बारीक हेलकावा देतो, तो संगणकाकडून करून घेता घेता त्यांनी हेलकाव्याचा वेग वाढवीत नेला. सेकंदाला पाच-सहा हेलकावे असताना कानाला आंदोलन कळते. ते शंभरावर गेले तेव्हा आंदोलन नाहीसे होऊन स्वराची जातच बदलली. कधी घंटा, कधी तुतारी, कधी अज्ञात धातू. केवळ दोन साध्या लहरींतून एवढे वैभव निघत होते. १९७३ मध्ये हे शोधपत्र छापून आले, आणि त्याच सुमारास विद्यापीठाने चाउनिंगना कायम करण्याचे नाकारले! पुढे जपानच्या यामाहा कंपनीने या शोधात रस घेतला, विद्यापीठाने त्यांना परत बोलाविले आणि १९७५ मध्ये तेथे संगणक-संगीताचे संशोधन केंद्र स्थापन झाले. १९८३ चा डीएक्स-७ हा सिंथेसायझर याच शोधावर उभा राहिला. त्याच्या स्वामित्वधनापोटी विद्यापीठाला मिळालेली रक्कम दोन कोटी डॉलरच्या वर गेली. १९८० नंतरच्या आपल्या चित्रपटगीतांतही हे वाद्य येऊन पोहोचले.

येथे थोडे विषयांतर क्षम्य व्हावे. सेवेत असताना एका शिक्षणसंस्थेच्या तपासणीस मी गेलो होतो. भाषाशिक्षणासाठी शासनाने दिलेली आठ टेपरेकॉर्डर यंत्रे नोंदवहीत होती, प्रत्यक्षात ती एका कपाटात, प्लॅस्टिकच्या आवरणासकट, कुलूपबंद होती. मुले हाताळतील, बिघडवतील, मग लेखापरीक्षणात आक्षेप येईल, हे अध्यापकांचे म्हणणे. थोडे खोदल्यावर कळले की यंत्र चालविणे त्यांनाच येत नव्हते आणि वर्गातल्या दोन मुलांना येत होते. त्या मुलांना विचारणे त्यांना कमीपणाचे वाटले. मी शेरा मारला, उत्तर आले, कागद नस्तीबंद झाला. पूल आणि चाउनिंगची हकिकत वाचताना मला ते कपाट आठवले, आणि आपल्या शेऱ्याने काही साधले नाही याची खंतही पुन्हा जागी झाली.

संगणक स्वस्त झाले तसा रात्रीच्या खोलीतला एकांतवास संपण्याची शक्यता निर्माण झाली. १९७८ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, मिल्स कॉलेजच्या वर्तुळातील काही तरुणांनी आपले हाताएवढे संगणक एकमेकांना तारांनी जोडले. एकाचे यंत्र काय वाजविते ते दुसऱ्याचे यंत्र ‘ऐके’ आणि त्याप्रमाणे वळण घेई. पण हा वर्ग नव्हता, मित्रमंडळ होते. अभ्यासक्रमात ही कल्पना खऱ्या अर्थाने आली ती प्रिन्स्टन विद्यापीठात, २००५ साली.

डॅन ट्रूमन हे संगीतकार, नॉर्वेचे हार्डांगर फिडल वाजविणारे. पेरी कुक हे संगणकशास्त्राचे प्राध्यापक आणि स्वतः गाणारे. या दोघांनी विद्यापीठात नुकत्याच आलेल्या पंधरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग घेतला आणि त्याला लॅपटॉपांचा वाद्यवृंद असे नाव दिले. संगीताची किंवा संगणकाची पूर्वतयारी असलीच पाहिजे अशी अट नव्हती. प्रत्येकापुढे एक लॅपटॉप आणि शेजारी अर्धगोलाकार ध्वनिक्षेपक; बसायला जमिनीवर गादी. छायाचित्रात ती मांडी घातलेली मुले पाहून मला आपल्या गायनवर्गाचीच आठवण झाली. गे वांग हा त्यांचा संशोधक विद्यार्थी ‘चक’ नावाची संगणकभाषा रचीत होता. वर्गात मुले त्याच भाषेत कार्यक्रम लिहीत. त्यांना काय अडते हे पाहून भाषा सुधारली जाई. म्हणजे शिकविण्याचे साधन आणि शिकणारे एकाच वेळी घडत होते.

यातील ध्वनिक्षेपकाची योजना मला फार मोलाची वाटते. एरव्ही विजेवरच्या संगीतात सर्वांचा आवाज एकाच मोठ्या कर्ण्यातून येतो आणि कोणी काय वाजविले हे वाजविणाऱ्यालाही कळत नाही. येथे ज्याचा स्वर त्याच्याच बाजूने निघतो, व्हायोलिनचा व्हायोलिनपाशी निघावा तसा. चूक झाली तर ती कोणाची हे शेजाऱ्याला ऐकू येते. शेजारी ऐकतो म्हटल्यावर मुलगा सराव करून येतो. गे वांगच्या एका रचनेत वादक कळफलकावर केवळ अक्षरे टंकित करतात. प्रत्येक अक्षराचा एक बारीक ‘टक’ आवाज होतो, आणि यंत्रे त्या साऱ्या टकटकीला एका लयीत बांधतात. समोर उभा असलेला संचालक हाताच्या खुणेने ती कमी-अधिक करतो. पुढे वांग स्टॅनफर्डला गेला आणि २००८ मध्ये तेथेही असा वृंद निघाला. महागडे ध्वनिक्षेपक घेण्याऐवजी तेथील मंडळींनी दुकानातून कोशिंबिरीचे लाकडी वाडगे आणले, त्यांना भोके पाडून मोटारीतले स्पीकर बसविले आणि काम भागविले.

प्रिन्स्टनच्या त्या पहिल्या वर्षी तेथे अतिथी अध्यापक म्हणून आपले झाकिर हुसेन होते. माहीमला वाढलेला, वडिलांच्या मांडीवर तबल्याचे बोल ऐकलेला हा कलावंत २००६ मध्ये त्या मुलांबरोबर रंगमंचावर बसला. ज्या विद्येत बोटाचा आघात आणि नाद यांच्यात सुईच्या अग्राइतकेही अंतर चालत नाही तिचा स्वामी एकीकडे, आणि कळ दाबल्यावर यंत्र विचार करून आवाज काढील तेव्हा काढील अशी मुले दुसरीकडे. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या थोर साथींबद्दल पुष्कळ लिहिले गेले. या साथीचा उल्लेख मला कोठे आढळला नाही. ते सारे संगीत मला आवडले असे म्हणणे मात्र खोटे होईल. काही रचनांत कल्पना थोडी आणि कौतुक फार, असे वाटले. पण तो एक वर्ग होता, आणि वर्गात कच्चे काम व्हावयाचेच.

आम्हा वडोदेकरांना समूहाने संगीत शिकण्याचे नवल नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८८६ साली मौलाबक्षांच्या देखरेखीखाली गायनशाळा निघाली. घराण्याच्या ओसरीवरची विद्या फळ्यावर आली, स्वरलिपीत बसली, कोणाही मुलाला खुली झाली. तीच शाळा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग आहे. सूरसागरच्या काठच्या त्या वास्तूत लहानपणी मीही दोन वर्षे ओळीत बसून सरगम म्हटली आहे. ओळीत बसून फारसे गाणे येत नाही, ही टीका मी ऐकली आहे आणि ती माझ्या बाबतीत तंतोतंत खरी आहे. तरीही वर्ग होता म्हणून शंभर वर्षांनीही ती शाळा उभी राहिली.

अहमदाबादच्या स्टुडिओत नेमके हेच नव्हते, असे माझे अनुमान आहे. यंत्र होते, आलेला पाहुणा थोर होता, काम करणारे चार-पाच जण गुणी होते. जोशीपुरा तर ऐन विशीच्या उंबरठ्यावरचे. पण संस्था अभिकल्पाची. संगीत ही तेथे पदवी नव्हती. दरवर्षी नवी पंधरा मुले आत येतील, मागल्या वर्षीच्यांकडून शिकतील आणि पुढल्यांना अडचणीत आणणारे प्रश्न विचारतील, अशी व्यवस्था झाली नाही. मी आयुष्यभर योजना सुरू होताना आणि मिटताना पाहिल्या आहेत. ज्या योजनेला लेखाशीर्ष आणि पद नाही ती तिच्या पुरस्कर्त्याबरोबर जाते. साराभाई मंडळींचा संस्थेच्या कारभारातील सहभाग १९७० नंतरच्या काही वर्षांत संपत गेला, १९७४ मध्ये रोमेश थापर समितीने संस्थेच्या एकूण कार्याचा फेरविचार केला. त्याआधीच स्टुडिओ शांत झाला होता.

त्या ध्वनिमुद्रिकेत माथूर यांची ‘वन्स आय प्लेड अ तानपुरा’ नावाची रचना आहे. भाचीने ती मला दोनदा ऐकविली. ती स्वतः संगणकशास्त्र शिकते आणि तिघी मैत्रिणी मिळून रात्री काही तरी ध्वनींचे उद्योग करीत असतात. एके दिवशी तिने विचारले, “मामा, तुमचा तानपुरा अजून लागतो का हो?” खोळ काढली तेव्हा एक तार तुटलेली, जव्हारी बसलेली. शुक्रवारी तार आणून चढविली, जव्हारीचा दोरा लावता लावता दुपार गेली. तिने भ्रमणध्वनीवर वीस मिनिटे तो नाद टिपून घेतला आणि मैत्रिणींना पाठविला. त्यातल्या एकीने लगेच उलट विचारले की मधल्या दोन तारा अगदी एकसारख्या का लागलेल्या नाहीत, की मुद्दामच तशा ठेवल्या आहेत? मी पुन्हा छेडून पाहिल्या. तिचे बरोबर होते.